चकमकीची चाकरी

बंदूक माणसाच्या सेवेसाठी असते, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो दूर करून घ्यायचा असेल, तर पेनसिल्व्हेनियात राहून ३२ कॅलिबरची, म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर व्यासाच्या नळीची, चकमकीची रायफल पाळावी. अठराव्या शतकात इथल्या लँकेस्टर काउंटीत जर्मन कारागीर अशा लांब नळीच्या रायफली घडवत. माझी त्यांचीच आजची नक्कल. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रकायद्याच्या लेखी ती पुरातन वस्तू, म्हणून थेट घरपोच आली. अशा बंदुकीने हरण मारायचे तर राज्याला किमान ४४ कॅलिबर लागते, त्यामुळे माझ्या वाट्याला खारी येतात, आणि त्याही बहुतेक वेळा नुसत्या बघायला.

एक बार भरणे म्हणजे साग्रसंगीत सत्यनारायण. वीस ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास, काळी दारू मापून नळीत ओतायची. गादीच्या खोळीच्या कापडाचा तुकडा थुंकीने भिजवून नळीच्या तोंडावर ठेवायचा, त्यावर शिशाची गोळी बसवायची आणि हिकरीच्या लाकडाच्या गजाने ती तळापर्यंत ठासायची. नळी अरुंद, म्हणून गजही किरकोळ अंगाचा. जोर लावावा तर तो मोडतो आणि न लावावा तर गोळी अर्ध्यावर अडते, मग दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहून नळी फुटण्याची धास्ती. हे निभावले की सुईने कान, म्हणजे नळीच्या बुडाचे बारीक छिद्र, मोकळा करून त्याच्या बाहेरच्या खोलगट वाटीत रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, घालायची, घोडा चढवायचा आणि नेम धरायचा. तोवर खार दुसऱ्या झाडावर बिऱ्हाड हलवून मोकळी झालेली असते.

चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, खरवडून निघालेले लोखंडाचे तापलेले कण रंजकात पडतात, तिथली दारू भडकते आणि ती आग कानातून आत शिरते. हे सारे निमिषात घडते म्हणतात. पण भडका नाकापासून वीतभर अंतरावर उडत असताना ते निमिष फार ऐसपैस वाटते, आणि तेवढा वेळ डोळे न मिटता नेमावर टिकून राहायचे असते. एवढा संयम दाखवल्यावरही पुष्कळदा नुसते रंजक उडते आणि आतला बार ढिम्म राहतो. रुसलेला बार उशिरा बोलू शकतो, म्हणून नळी लक्ष्याकडेच रोखून ताटकळावे लागते, आणि नेमबाजीच्या रेंजवर शेजारी धडाधड गोळ्या झाडणारा तरुण नेमका तेव्हाच अदबीने विचारतो, "सर, काही मदत हवी आहे का?"

खरी चाकरी मात्र घरी आल्यावर. या दारूत ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. जळून गेल्यावरही तिचा निम्म्याहून अधिक भाग काजळी होऊन मागे उरतो, हवेतला दमटपणा शोषतो आणि नळीला गंज चढवतो. त्यामुळे स्वतः चहा घेण्याआधी रायफलीला साबणाच्या कढत पाण्याने आंघोळ, मग अंग कोरडे करून तेल. आमच्या शुद्ध शाकाहारी न्हाणीघरात त्या दिवशी सडक्या अंड्यांचा वास दरवळतो. "अहो, पोरं लहान असताना एकदा तरी इतक्या निगुतीने त्यांना न्हाऊ घातलं होतंत का?" हा बायकोचा प्रश्न दाराबाहेरून ठरलेला.

परवा बायकोलाच रेंजवर नेले. बार मी भरून दिला, रंजकही मीच घातले. तिने पापणी न लववता पहिल्याच बाराला डबा उडवला, रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "छान आहे हो. धुवा आता."