‘सगळे पायलट आतून एकच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक माझ्या सख्ख्या भाच्याने पाठवला. मथळा ‘वेगवेगळ्या एअरलाइनचे पायलट आतून एकच!’ आणि खाली चार मुद्दे. एक, ही मंडळी हवेत रेडिओवर गप्पा मारत बसतात. दोन, उपयोगाची माहिती मात्र दुसऱ्या कंपनीच्या विमानाला देत नाहीत, कारण समोरच्याला उशीर झाला की यांचा फायदा. तीन, स्पर्धक कंपनीच्या पायलटला कॉकपिटमध्ये फुकट बसवून नेतात आणि सुरक्षेची वाट लावतात. चार, एकमेकांच्या चुका झाकतात. शेवटी, प्रवाशांनो जागे व्हा.

मी मुंबईत एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. पायलट नाही, कुठल्या विमान कंपनीचा पगार कधी खाल्ला नाही. पण या लोकांचं आपसातलं बोलणं उभी नोकरी ऐकत आलो आहे. हा मेसेज वाचून मला मनापासून वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक साधी विसंगती. दुसरा मुद्दा म्हणतो हे एकमेकांचं नुकसान बघतात, चौथा म्हणतो हे एकमेकांना वाचवतात. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

गप्पांचा मुद्दा लवकर संपतो. मुंबईच्या टॉवरवर गर्दीच्या वेळी तासाला चाळीसहून जास्त विमानं उतरतात आणि उडतात. धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. त्या फ्रिक्वेन्सीवर श्वास घ्यायला जागा नसते, गप्पा कुठून मारणार? फ्रिक्वेन्सी बदलताना एखादा ‘नमस्कार’ म्हणतो, कंट्रोलर ‘नमस्कार’ म्हणतो, झालं. समुद्रावर, लांबच्या पल्ल्यात, विमानांनी आपसात बोलायला १२३.४५ मेगाहर्ट्‌झ ही फ्रिक्वेन्सी राखून ठेवलेली आहे. तिथे चौकशी चालते ती मुख्यतः हवेची: ‘तुमच्या उंचीवर धक्के आहेत का?’ संकटासाठी राखलेल्या १२१.५ वर काही जण पोरकटपणा करतात, हे खरं आहे आणि ते चुकीचंच आहे. पण त्याचा राग बाकीचे पायलटच सगळ्यात जास्त करतात.

आता दुसरा मुद्दा, ‘माहिती देत नाहीत’. हा मला सर्वांत लागला, कारण याच्या बरोब्बर उलट मी रोज ऐकलं आहे.

जून महिना डोळ्यासमोर आणा. पाऊस नुकताच लागलाय, वारा पश्चिमेचा, विमानं घाटकोपरच्या बाजूने २७ नंबरच्या धावपट्टीवर येतायत. एक विमान जमिनीपासून आठशे फुटांवर आणि अचानक वाऱ्याने दिशा बदलली, विमानाचा वेग पंधरा नॉटने पडला. पायलटने दोन्ही इंजिनांना पूर्ण ताकद दिली, नाक वर केलं, रेडिओवर दोनच शब्द: ‘गोइंग अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून परत वर जातोय. त्या क्षणी त्याच्या हाताला आणि डोक्याला किती काम असतं! चाकं आत घ्यायची, फ्लॅप उचलायचे, उंची सांभाळायची, मागे घाबरलेले दीडशे-पावणेदोनशे प्रवासी. ते सगळं मार्गी लागलं की तो लगेच, कुणी न विचारता, सांगतो: विंडशिअर (वाऱ्याचा वेग-दिशा एकदम बदलणं), अमुक उंचीवर, इतका वेग पडला. त्याच्या मागे पाच मैलांवर दुसऱ्या कंपनीचं विमान असतं. आम्ही ती माहिती पुढे देतोच, ते आमचं काम आहे. पण बहुतेक वेळा मागच्याने ती आधीच ऐकलेली असते आणि आम्ही बोलण्याआधीच तो सांगतो, ‘कॉपीड (ऐकलं), आम्हीही अप्रोच सोडतोय, आत्ता उतरत नाही.’

मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशोबाने पहिल्याने गप्प बसायला हवं होतं.

कुणी म्हणेल, हे नियमातच आहे, यात सौजन्य कसलं? बरोबर आहे. जोराचे धक्के, बर्फ, ज्वालामुखीची राख यांची खबर पायलटने द्यायची हे आंतरराष्ट्रीय नियमात लिहिलेलं आहे. पण तीच खबर माणूस तुटकपणे देऊ शकतो, उशिरा देऊ शकतो किंवा मागून येणाऱ्याला नेमकी उपयोगी पडेल अशी देऊ शकतो. ही शेवटची तऱ्हा कुठल्या नियमात लिहून मिळत नाही.

नियमाबाहेरचंही सांगतो. एकदा टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर, विमानांची रांग लागली होती. तिसऱ्या नंबरच्या विमानातून आवाज आला: पुढच्या विमानाच्या डाव्या चाकांजवळ काहीतरी लोंबतंय, एकदा बघायला सांगा. पुढचं विमान स्पर्धक कंपनीचं. त्याला रांग सोडून परत बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, जावं लागलं, त्याचा चांगला तासभर मोडला. त्या कॅप्टनने काय म्हणावं? ‘थँक यू सर, गुड स्पॉट.’ बास. रांग पुढे सरकली.

आणि रिलेचं, म्हणजे एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे पोचवण्याचं, काय? अरबी समुद्रावर किनाऱ्यापासून साधारण दोनशे सागरी मैलांपलीकडे नेहमीचा, सरळ रेषेत चालणारा व्हीएचएफ रेडिओ पोचत नाही. तिथे लांब पल्ल्याचा एचएफ रेडिओ लागतो, आणि एचएफ म्हणजे खरखर, शिट्ट्या, मधूनच तुटणारा आवाज. पावसाळ्यात तर विचारू नका. आता उपग्रहामार्फत लिखित निरोप जातात, पण माझ्या उमेदीच्या काळात एचएफवरच सगळी मदार होती. विमान कुठे आहे, किती वाजता कुठे पोचेल, हे रेडिओ ऑपरेटर ऐकून लिहायचा आणि ती चिठ्ठी आमच्या टेबलावर यायची. चिठ्ठीची वेळ टळून गेली की पोटात गोळा यायचा.

अशाच एका रात्री आखातातून येणाऱ्या एका विमानाचं आम्हाला काही ऐकू येईना. आत एक प्रवासी अत्यवस्थ होता, कॅप्टनला सरळ मार्ग आणि उतरताक्षणी डॉक्टर हवा होता, आणि आमच्यापर्यंत नुसती घरघर पोचत होती. तेवढ्यात दुसऱ्याच कंपनीच्या विमानाने सांगितलं, ‘आम्हाला ते स्वच्छ ऐकू येतायत, आम्ही निरोप पोचवतो.’ उंचावरच्या दोन विमानांच्या मध्ये काही आड येत नाही, म्हणून त्यांचा आपसातला व्हीएचएफ चालतो. पुढे पाऊण तास त्या कॅप्टनने आपलं विमान चालवत दुसऱ्याचे निरोप वाहिले. नाडी किती, श्वास कसा, अंदाजे किती वाजता पोचतोय. या दोन कंपन्यांची त्या काळी आखाताच्या तिकिटांवरून जुंपली होती. प्रवासी जिवंत उतरला एवढं मला कळलं, पुढचं नाही. निरोप वाहणाऱ्या त्या कॅप्टनचा चेहरा मी कधी पाहिला नाही, आवाज आजही ओळखीन.

माझ्या सांगण्यावर विश्वास नको असेल तर नोंदलेला प्रसंग घ्या. २४ जून १९८२ ची रात्र, जावा बेटाच्या दक्षिणेला ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी. विमानात २६३ माणसं. संकटाचा निरोप दिला, पण जकार्ताच्या कंट्रोलला तो नीट कळेना. त्यांना वाटलं फक्त चार नंबरचं इंजिन बंद पडलंय. माणसाला पटणारच कसं की चारही गेली? जवळच उडणाऱ्या गरुडा इंडोनेशियाच्या विमानाने तो निरोप नीट ऐकला आणि जकार्ताला समजावून पोचवला. ३७,००० फुटांवरून निघालेलं विमान तेरा हजारांच्या आसपास आलं तेव्हा इंजिनं पुन्हा धरली, आणि ते जकार्तात सुखरूप उतरलं. गरुडाने बिलाचा कागद पाठवला नाही.

कंपन्या भांडतात, हे मान्य. २०२३ मध्ये नोटिशीचा काळ पुरा न करता गेलेल्या पायलटांविरुद्ध एक विमान कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, हे आपण वाचलंच. पण २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, २०१९ मध्ये जेट थांबली, तेव्हा तिथली माणसं कुठे गेली? आज ‘स्पर्धक’ असलेल्या कॉकपिटांमध्येच. पलीकडचा आवाज अनेकदा जुन्या सहकाऱ्याचा असतो, किंवा ज्याने आपल्याला शिकवलं त्याचा.

तिसरा मुद्दा, कॉकपिटमधली जागा. इथे मेसेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली आहे. २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात एका पायलटने आपल्या मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. डीजीसीएने, म्हणजे आपल्या हवाई वाहतूक नियामकाने, त्याचा परवाना तीन महिने निलंबित केला आणि कंपनीला तीस लाखांचा दंड केला. तो गुन्हाच होता आणि शिक्षा योग्य झाली. पण त्याचा व्यावसायिक सौजन्याशी संबंध काय?

स्पर्धक कंपनीच्या पायलटला जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा सीट, देण्याची रीत मुख्यतः अमेरिकेतली. तिथे पायलट राहतो एका शहरात आणि ड्यूटी सुरू होते दुसऱ्या शहरात, मग जे विमान मिळेल त्याने जातो. ११ सप्टेंबर २००१ नंतर ही रीत काही वर्षं बंद पडली होती, ती पुन्हा सुरू झाली ती पडताळणी करणाऱ्या संगणकीय यंत्रणेसह. हा माणूस आज खरोखर त्या कंपनीत नोकरीला आहे का, परवाना चालू आहे का, फोटो जुळतो का, हे गेटवरच तपासलं जातं. त्यानंतरही शेवटचा शब्द कॅप्टनचा. पाहुण्या पायलटने स्वतः जाऊन, नाव सांगून, परवानगी मागायची अशी पद्धत आहे. आणि १०,००० फुटांखाली त्यालाही उड्डाणाशी संबंध नसलेलं काही बोलायची मुभा नाही.

धोका शून्य आहे का? नाही. ७ एप्रिल १९९४ ला फेडेक्सच्या ७०५ उड्डाणात जंपसीटवरच्या माणसाने हातोड्यांनी तिन्ही वैमानिकांवर हल्ला केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये होरायझन एअरच्या विमानात सुट्टीवरच्या एका पायलटने इंजिन बंद करणारे दांडे ओढायचा प्रयत्न केला. दोन्ही प्रसंग भयंकर. पण पहिला फेडेक्सचाच कर्मचारी होता, दुसरा त्याच समूहातल्या अलास्का एअरलाइन्सचा. स्पर्धक कंपनीचा पाहुणा दोन्हीकडे नव्हता. त्यातून पायलटांच्या मानसिक आरोग्याची, मदत मागायच्या भीतीची चर्चा व्हायला हवी, आणि ती गंभीरपणे व्हावी.

राहिला चौथा मुद्दा, चुका झाकण्याचा.

७ जुलै २०१७, सॅन फ्रान्सिस्को, रात्रीचे बारा वाजायला पाच मिनिटं. टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ७५९ नंबरचं उड्डाण उतरायला येतंय, आत १४० माणसं. डावीकडची समांतर धावपट्टी त्या रात्री कामासाठी बंद, दिवे मालवलेले. ज्या उजवीकडच्या धावपट्टीवर उतरायचं होतं, तीच डावीकडची असं वैमानिकांना वाटलं, आणि त्याच्याही उजवीकडच्या टॅक्सीवेला त्यांनी आपली धावपट्टी समजलं. त्या टॅक्सीवेवर चार विमानं उड्डाणाची वाट बघत उभी, तीन युनायटेडची, एक फिलिपीन एअरलाइन्सचं. एअर कॅनडाच्या वैमानिकांना दिवे दिसले, शंका आली, त्यांनी विचारलंही. टॉवरने सांगितलं धावपट्टी मोकळी आहे. धावपट्टी मोकळीच होती, ते तिच्यावर नव्हते.

रांगेत पहिलं उभं होतं युनायटेडचं. त्याच्या वैमानिकाने खुल्या फ्रिक्वेन्सीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की हा चाललाय कुठे, आणि लगेच सांगितलं की हा टॅक्सीवेवर आहे. मागच्या फिलिपीनच्या वैमानिकांनी आपले लँडिंग लाइट लावले. एअर कॅनडाचं विमान जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत खाली येऊन वर गेलं. खाली उभ्या फिलिपीनच्या ए३४० विमानाची शेपूटच पन्नास फुटांहून उंच असते.

हे झाकणं आहे का? एका कंपनीच्या माणसाने दुसऱ्या कंपनीच्या माणसाची चूक, ती घडत असताना, टेपवर नोंद होईल अशी बोलून दाखवली. आमच्या धंद्यात सौजन्य याला म्हणतात.

झाकाझाकीचा संशय घ्यायचाच तर या प्रकरणात एक जागा आहे, ती मी लपवत नाही. एअर कॅनडाचं ते विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडालं आणि कॉकपिटचं रेकॉर्डिंग नव्या आवाजाखाली पुसलं गेलं. तपास करणाऱ्यांना त्या कॉकपिटमधला एकही शब्द ऐकायला मिळाला नाही. त्यांच्या हाती राहिली टॉवरची टेप, आणि त्या टेपवर खाली उभ्या असलेल्या युनायटेडच्या वैमानिकाचा आवाज.