प्राधान्यक्रम एक, दोन, तीन

मुलीची परकीय भाषा कोणती, हे तीन चौकटींत प्राधान्यक्रमाने लिहून देण्याची मुदत संपत आली होती आणि मी पहिली चौकट भरून बाकीच्या दोन कोऱ्या ठेवल्या होत्या, कारण मुलीला एकच भाषा हवी होती. अर्ज शाळेच्या खिडकीतून परत आला. "मॅडम, पालकांचेच ठरलेले नसेल तर मुलांचे काय ठरणार?" असे पलीकडच्या बाईंनी सारी रांग ऐकेल एवढ्या आवाजात विचारले. ठरलेले होते म्हणूनच दोन चौकटी कोऱ्या होत्या, हे उत्तर मला सुचले तेव्हा मी बाजूला होऊन पेन शोधत होते.

माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांना ही पर्वणी वाटली असावी. त्यांच्या हातात फाईल होती, फाईलमध्ये छापील तक्ता होता, आणि तक्त्यात भाषेचे नाव, ती बोलणाऱ्या देशांची अर्थव्यवस्था, तिथल्या नागरिकांचे सरासरी वय आणि 'पुढील पंधरा वर्षांचा कल' असे रकाने होते. "ताई, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका," ते म्हणाले. "पहिली पसंती कोणती दिलीत?" जपानी, मी म्हणाले, मुलीला ती अक्षरे काढायला आवडतात. बुडीत बँकेत कुणाचे पैसे अडकल्याचे कळावे, तशी त्यांनी मान हलवली.

"जपानची लोकसंख्या घटते आहे. घटत्या बाजारात कुणी शिरते का? फ्रेंच स्थिर आहे, पण तिची खरी वाढ आफ्रिकेत, म्हणजे ती दीर्घ मुदतीसाठी. स्पॅनिशला मागणी आहे, पण पुरवठाही भरपूर आहे."

"आणि जर्मन?"

"जर्मन असेल तर ठेवा. इतक्यात विकू नका."

आमच्या घरात जर्मन कुणी मुळात घेतलेलीच नव्हती, त्यामुळे विकण्याचा मोह होण्याचा प्रश्न नव्हता. मग त्यांनी हुकमाचे पान काढले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहाच आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. त्यांत जर्मन नाही, हे मी निदर्शनास आणून दिले. त्यांनी तक्ता पुढून-मागून तपासला आणि "तो राष्ट्रसंघाचा प्रश्न आहे," असे सांगून विषय मिटवला.

मुलगी दहा वर्षांची आहे हे कळताच त्यांना आणखी वाईट वाटले. सातव्या वर्षानंतर मेंदूची खिडकी बंद होते, असे ते म्हणाले. (समोरची खिडकी तेवढी उघडी होती आणि तिच्यातून अर्ज परत येत होते.) 2018 साली प्रसिद्ध झालेला, सुमारे 6 लाख 70 हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवर आधारलेला एक अभ्यास आहे. त्यात व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत जवळजवळ टिकून राहते असे आढळले, मात्र अगदी मातृभाषकासारखी भाषा यायची असेल तर दहाबारापर्यंत सुरुवात झालेली बरी, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे आमची खिडकी निदान अर्धी उघडी होती. हे मी त्यांना सांगणार, तोच त्यांनी आपल्या मुलाला पुढे केले.

"आमच्या चिरंजीवांच्या तीन भाषा झाल्या. म्हण रे."

मुलगा बाराचा तरी असावा. दप्तराचा पट्टा चघळत उभा होता. तो तोंडातून काढून त्याने फ्रेंच, जर्मन आणि चिनी अशा तीन भाषांत एकेक लहानसे भाषण केले. यांतली एकही भाषा मला येत नसल्यामुळे मी अर्थ विचारला. तिन्हींत त्याने आपले नाव आणि वय सांगितले होते, फक्त वय प्रत्येक वेळी निराळे होते: फ्रेंचमध्ये तो सहा वर्षांचा होता, जर्मनमध्ये आठ, तर चिनीत नुकताच दहाचा झाला होता. वडिलांनी याचा खुलासा जराही न अवघडता केला. "फ्रेंच त्याच्या सहाव्या वर्षी केली, मग आम्ही तिच्यातून बाहेर पडलो." युरोपीय भाषांच्या प्रचलित मोजपट्टीत ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या असतात. हा मुलगा पहिल्या पायरीवर पोहोचला की भाव बदलत होते आणि त्याला खाली उतरवले जात होते. तुला स्वतःला यांतली कोणती आवडली, असे मी त्याला मराठीत विचारले. त्याने वडिलांकडे पाहिले, वडिलांनी तक्त्याकडे.

घरी आल्यावर मीही आकडेमोड केली, कारण तक्ता काय, कुणालाही करता येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कामकाजापुरती स्पॅनिश येण्यासाठी वर्गातले 600 ते 750 तास धरते, तर जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबीसाठी 2200. आठवड्याला चाळीस मिनिटांच्या दोन तासिका आणि वर्षाला छत्तीस आठवडे धरले, तर शाळेत वर्षाकाठी 48 तास हाती लागतात. या गतीने स्पॅनिश यायला किमान साडेबारा वर्षे लागतील आणि जपानी यायला पंचेचाळीसहून अधिक, म्हणजे माझी मुलगी पंचावन्न ओलांडल्यावर जपानी माणसाशी कामाचे बोलू लागेल. एवढ्यावरही शाळा दर वर्षी भाषा बदलण्याची मुभा 'सुविधा' म्हणून देते.

अर्थात हे तास इंग्रजीत वाढलेल्या माणसांचे आहेत. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि आपले शब्दयोगी अव्यय नामामागून येते तसेच तिथेही नामामागून काहीतरी येते. मराठी मुलाला यात नवल वाटायचे कारण नाही. जर्मनला तीन लिंगे आहेत म्हणून हबकणारे पालक स्वतः सकाळपासून रात्रीपर्यंत तीन लिंगे बिनचूक वापरत असतात. शिवाय दोन वर्णमालांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे आणि नित्य वापरातल्या 2136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरे, असा जपानीचा पसारा आहे, तो तिला आनंदाने गिरवावासा वाटतो, याला तक्त्यात रकानाच नाही.

आणि 'कल' म्हणजे तरी काय? एके काळी रशियन ही भविष्याची भाषा म्हणून शिकवली गेली. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच विसर्जित झाला. 1980 च्या दशकात जपान सारे जग विकत घेणार असे वाटत होते, आणि पुढच्या दशकाच्या आरंभी तिथला फुगा फुटला. त्या त्या वेळीही कुणीतरी फाईल घेऊन रांगेत उभे असणारच, आणि त्यांच्या मुलांना आज कुठल्या भाषेत कितवे वर्ष चालू आहे, हे विचारायला त्यांच्या तक्त्यांतले कुणीही येत नाही. मला याचा मनापासून राग येतो. पंधरा वर्षांनंतरच्या जगाविषयी एवढे ठाम बोलणाऱ्या माणसांनी निदान एक परकीय भाषा स्वतः शिकून दाखवावी. मग दहा वर्षांच्या पोरांवर डाव लावावेत.

त्या दिवशी मात्र मी निमूटपणे दुसऱ्या चौकटीत फ्रेंच आणि तिसरीत जर्मन लिहिले. गृहस्थ खांद्यावरून वाचत होते. "तुमच्या पुढच्या दोघांनीही जपानीच लिहिले होते," ते विचारमग्न होऊन म्हणाले, आणि आपल्या अर्जातल्या पहिल्या चौकटीवर काट मारून त्यांनी जपानी लिहिले. लोक घेत आहेत त्या अर्थी काहीतरी बातमी असणार, असे त्यांचे म्हणणे पडले.

यादी लागली तेव्हा जपानीची तुकडी भरलेली होती. जागा कुठल्या निकषावर दिल्या, हे यादीत लिहिलेले नाही आणि विचारल्यावर कुणी सांगितलेही नाही. मुलीला तिसऱ्या चौकटीतली जर्मन मिळाली. जपानीच्या यादीत शेवटचे नाव त्या चिरंजीवांचे होते. गृहस्थ फलकापाशी भेटले आणि वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. ते वर्षभरातच जपानीतून बाहेर पडणार आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी एक जागा नक्की रिकामी होईल.