मालक विकतोय, म्हणून तुम्हीही विका?

शेअर बाजारातल्या लोकांच्या फोनवर एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्या कंपनीचं नाव लावून फिरतो. गाभा तोच असतो: "संस्थापकाने स्वतःचे शेअर विकले. आतली खबर त्याच्याइतकी कुणाला असते? लॉक-इन संपायची तो वाटच बघत होता. आधी ठरलेली योजना वगैरे सगळं नाटक. कंपनीवरून त्याचं मन उडालं. खरा संस्थापक एक शेअरही विकत नाही. तुम्हीही निघा." (लॉक-इन म्हणजे कंपनी बाजारात आल्यावर काही काळ जुन्या भागधारकांना शेअर विकायला असलेली बंदी; आधी ठरलेली योजना म्हणजे कधी आणि किती शेअर विकायचे हे आधीच लिहून ठेवणं.) मजकूर ठसकेबाज आहे आणि यातलं एक वाक्य निम्मं खरंही आहे. बाकीची वाक्यं कागदपत्रांशी ताडून पाहिली की टिकत नाहीत.

आधी "आतली खबर". संस्थापकाला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते, हे कोण नाकारेल? पण तेवढ्या एकाच कारणाने कुणी शेअर विकतं, हे परस्पर गृहीत धरलंय. मे 2012 मध्ये फेसबुक बाजारात आली तेव्हा मार्क झकरबर्ग यांनी 3 कोटी 2 लाख शेअर 38 डॉलरने विकले. जवळपास 1.15 अब्ज डॉलर हाती आले, त्यातला मोठा भाग करात गेला. त्यांनी त्याच वेळी 6 कोटी शेअरांचे जुने ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क, वापरले होते आणि त्यावरचा कर रोखीनेच भरावा लागतो. पुढे चारच महिन्यांत भाव 18 डॉलरच्याही खाली गेला. यावर "बघा, आम्ही म्हणत होतो!" असं कुणी म्हणेलच. पण भाव तळाशी असतानाच, सप्टेंबरमध्ये, झकरबर्ग यांनी पुढचे बारा महिने विकणार नसल्याचं जाहीर केलं. डिसेंबर 2013 मध्ये पुन्हा 4 कोटींवर शेअर विकले, तेही मुख्यतः करासाठी. तेव्हा भाव 55 डॉलरच्या आसपास होता. त्या विक्रीला घाबरून जो बाहेर पडला, त्याने काय गमावलं ते आजचा भाव पाहून ज्याचं त्यानेच मोजावं.

कधी कधी तर कायदाच विकायला लावतो. भारतात शेअर बाजारात नोंदणी असलेल्या बिगर-सरकारी कंपनीचे किमान 25 टक्के शेअर जनतेच्या हाती असावे लागतात. नव्याने आलेल्या कंपनीला त्यासाठी काही वर्षांची मुदत मिळते. डी-मार्ट चालवणाऱ्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचे संस्थापक राधाकिशन दमाणी यांनी 2020 मध्ये हिस्सा विकला तो याच 75 टक्क्यांच्या मर्यादेत यायला. त्यात आतली खबर कसली?

आणि "निकाल लागताच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विकले" हा शेरा तर हमखास असतो. बाजार नियामक सेबीच्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन 48 तास उलटेपर्यंत आतल्या मंडळींसाठी व्यवहाराची खिडकी बंद असते. म्हणजे त्यांना विकायचंच असेल तर निकालानंतरच विकावं लागणार! नियम पाळला हाच संशयाचा पुरावा ठरवला जातोय.

बिल गेट्स यांचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. मार्च 1986 मध्ये मायक्रोसॉफ्ट 21 डॉलरला बाजारात आली तेव्हा त्यांच्याकडे कंपनीचा सुमारे 45 टक्के हिस्सा होता. ते वर्षानुवर्षं ठरावीक गतीने विकत राहिले. 2014 पर्यंत कंपनीचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक स्टीव्ह बाल्मर झाले होते. दरम्यान, विभाजनं (एका शेअरचे अनेक शेअर करणं) धरून हिशेब केला तर शेअर शेकडो पटींनी वाढला होता. संस्थापकाच्या विक्रीला इशारा मानणाऱ्याला मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडण्याची "संधी" जवळजवळ दर तिमाहीला मिळत होती.

हे एकट्यादुकट्याचे किस्से नाहीत. लाकोनिशोक आणि ली या अभ्यासकांनी 2001 मध्ये अमेरिकी बाजाराबद्दल दाखवलं की आतल्यांच्या खरेदीतून पुढच्या भावाचा काही अंदाज येतो, विक्रीतून फारसा नाही. 2012 मध्ये कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की यांनी आणखी बारीक चाळणी लावली: नित्यनेमाने होणारे व्यवहार एकीकडे, अवचित होणारे दुसरीकडे. नित्याच्या व्यवहारांतून काहीच कळत नाही. अवचित व्यवहारांतून मात्र कळतं. मजकूर लिहिणाऱ्याने ही चाळणी लावली असती तर मीही त्याचं ऐकून घेतलं असतं.

लॉक-इनचा मुद्दा दोन ओळींत संपतो. लॉक-इन संपणार त्या तारखेची जाहिरात पहिल्या दिवसापासून झालेली असते; बाजार तिची भीती आधीच भावात धरून चालतो. 14 नोव्हेंबर 2012 रोजी फेसबुकचे सुमारे 80 कोटी शेअर एकदम मोकळे झाले, आणि त्या दिवशी भाव 12 टक्क्यांहून जास्त वर गेला.

"आधी ठरलेली योजना हे नाटक." हेच ते निम्मं खरं वाक्य. इथे मी मजकुराच्या बाजूने थोडा झुकतो. ऑनट्रॅक या अमेरिकी कंपनीचे संस्थापक टेरेन पायझर यांनी 2021 मध्ये, मे आणि ऑगस्टमध्ये, अशा दोन योजना केल्या आणि दोन्ही वेळा लगेच पुढच्या व्यवहाराच्या दिवशी विक्री सुरू केली. मधे काही काळ थांबण्याचा सल्ला त्यांनी धुडकावला होता. कंपनीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या योजनेनंतर सहा दिवसांनी ती बातमी फुटली आणि शेअर 44 टक्क्यांहून जास्त कोसळला. जून 2024 मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं.

म्हणजे सोंग होऊ शकतं. पण ते ओळखता येतं, आणि तेही फार डोकं न खाजवता. जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनचे 5 कोटी शेअर विकण्याची योजना 8 नोव्हेंबर 2023 रोजी केली. अमेरिकेत आता संचालक आणि अधिकाऱ्यांना योजना केल्यावर किमान 90 दिवस थांबावं लागतं. पहिली विक्री झाली 7 फेब्रुवारी 2024 रोजी. मोजून पाहा, 91वा दिवस. त्याच्या काही दिवस आधी कंपनीच्या वार्षिक अहवालात ही योजना आकड्यासकट छापून आली होती. बेझोस यांनी त्याच सुमारास सिॲटल सोडून मायामीला बिऱ्हाड हलवलं. कारण आईवडिलांच्या जवळ राहायचं असं सांगितलं. सिॲटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथे मोठ्या भांडवली नफ्यावर 2022 पासून तेव्हा 7 टक्के कर लागत होता आणि मायामीच्या फ्लोरिडात लागत नव्हता, हाही योगायोग म्हणू या. सुमारे साडेआठ अब्ज डॉलरांची विक्री झाली. तरी त्याच वर्षअखेर भाव विक्रीच्या भावाहून वर होता. पायझर आणि बेझोस यांची तुलना करताना पाहायचं ते इतकंच: योजना कधी केली, विक्री कधी सुरू झाली, मधल्या काळात काय घडलं. तीनही गोष्टी जाहीर असतात.

"मन उडालं" हा आरोप हिस्सा आणि ताबा यांची गल्लत करतो. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी जानेवारी 2010 मध्ये जाहीर केलं की पाच वर्षांत प्रत्येकी 50 लाख शेअर विकणार. त्यामुळे त्यांची एकत्रित मतं 59 वरून 48 टक्क्यांवर येणार होती. गूगल काही सोडून दिली नाही कुणी. उलट पेज 2011 मध्ये पुन्हा मुख्याधिकारी झाले. एकेका शेअरला दहा-दहा मतं असलेले शेअर हाती असले की बरंच विकूनही सूत्रं हातातच राहतात. तो कारभार लहान भागधारकाच्या भल्याचा आहे का, हा वेगळा आणि जास्त गंभीर वाद आहे. मजकुराने तो काढलेलाच नाही.

राहता राहिला "खरा संस्थापक". हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण न विकणाऱ्यालाही पैसा लागतो, आणि तो शेअर गहाण टाकून मिळतो. अमेरिकेतल्या चेसापीक एनर्जीचे सहसंस्थापक ऑब्री मॅक्लेंडन भाव चढत असताना कर्ज काढून स्वतःच्याच कंपनीचे शेअर घेत राहिले. ऑक्टोबर 2008 मध्ये भाव घसरला, कर्ज देणाऱ्यांनी पैसे मागितले आणि तीन दिवसांत त्यांचा जवळजवळ सगळा हिस्सा, 3 कोटी 15 लाखांच्या आसपास शेअर, पडेल भावाला विकला गेला.

सत्यमचं तर याहून वाईट. 7 जानेवारी 2009 च्या, कंपनीचे हिशेब खोटे फुगवल्याच्या कबुलीपत्रात संस्थापक रामलिंग राजू यांनी आवर्जून लिहिलं होतं की धर्मादाय कामासाठी जाहीर करून विकलेला थोडासा भाग सोडला तर गेल्या आठ वर्षांत आपण शेअर विकलेले नाहीत. मजकुराच्या कसोटीवर हा माणूस आदर्श संस्थापक ठरतो. प्रत्यक्षात प्रवर्तकांचे, म्हणजे राजू कुटुंबाचे, शेअर गहाण पडलेले होते आणि सावकारांनी ते विकायला काढले होते. भारतातल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीच्या तिमाही भागधारणा तक्त्यात आज प्रवर्तकांच्या गहाण शेअरांचा स्वतंत्र रकाना असतो. फिरणाऱ्या मजकुरात गहाण हा शब्द एकदाही येत नाही.