"आमच्यासारख्याला हॅक करून कुणाला काय मिळणार?" या कमेंटला उत्तर

साहेब, नाव लिहिलेलं नाहीत म्हणून साहेबच म्हणतो. वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, यांचं रबाळे एमआयडीसीत पंचवीस माणसांचं युनिट आहे, ऑफिसात सहा कॉम्प्युटर, अँटीव्हायरस दरवर्षी रिन्यू होतो, टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप रोज घेतात, आणि त्यांचं म्हणणं की मी एआय न् डीपफेकची (एआयने बनवलेल्या हुबेहूब खोट्या व्हिडिओ-आवाजाची) भीती घालून छोट्या धंदेवाल्याच्या माथी खर्च मारतोय.

खर्चाबद्दल तुमचं बरोबर आहे. मागच्या पोस्टमध्ये डीपफेकवर पानभर आणि बॅकअपवर दोन ओळी झाल्या, ते उलटं असायला हवं होतं. पण "कुणाला काय मिळणार" हे मला अजिबात पटत नाही.

न्हावा शेवा बंदराचं आठवतंय ना, जून २०१७? नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, तिथून मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि त्याच ग्रुपचं एक टर्मिनल आपल्या जेएनपीटीत, म्हणजे न्हावा शेवालाच, असल्यामुळे तिथलं कामकाज ठप्प झालं, माणसं हाताने काम उरकत होती. न्हावा शेवावर कुणी नेम धरलाच नव्हता हो! आणि आता तर नेम धरायची गरजच राहिली नाही, रात्री बाजारपेठेतून जाताना प्रत्येक शटरचं कुलूप ओढून बघावं तसे हॅकरांचे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात, जे उघडं सापडेल त्यात शिरायचं, टर्नओव्हर नंतर बघायचा.

महापेतल्या एका ओळखीच्या युनिटचं सांगतो, नाव नको. सोमवारी सकाळी अकाउंटच्या मॅडमनी पीसी चालू केला तर टॅली उघडेना, सगळ्या फाइलींच्या नावांना भलतंच शेपूट आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी एक चिठ्ठी. मालक म्हणाले काही नाही, बॅकअप आहे. बॅकअपची हार्डडिस्क कुठे, तर सीपीयूवरच रबरबँडने बांधलेली, वायर कायम जोडलेली, त्यामुळे तीपण त्याच रात्री लॉक झाली. मी गेलो तेव्हा मॅडम चलनबुकाच्या कार्बन कॉपीवरून एकेक एंट्री परत मारत होत्या, जीएसटी पोर्टलवर भरलेली रिटर्न्स होती म्हणून विक्रीचा ताळा तरी लागला, खरेदीचे मात्र सप्लायरांना फोन करकरून हाल. आणि दार कुठलं उघडं होतं? मशिनवाल्याच्या सपोर्टसाठी कधीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे बाहेरून आपला पीसी चालवायची सोय, चालू करून दिलेला, तो बंद करायचं सगळेच विसरले, पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. अँटीव्हायरस तिथेही होता, रिन्यू केलेला.

म्हणून तुम्ही रोज बॅकअप घेता हे वाचून माझं समाधान होत नाही, मला विचारायचंय की तो परत चढवून शेवटचं कधी बघितलंत? दोन डिस्क ठेवा, आलटून पालटून, एक कायम घरी. मग सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या लॅपटॉपवर घरच्या डिस्कमधला डेटा चढवा, शेवटचं व्हाउचर जुळतंय का बघा, सगळ्याला किती वेळ लागला तो घड्याळ लावून मोजा. धंदा किती दिवस बंद राहील याचं उत्तर त्यातच मिळतं. खर्च एका डिस्कचा.

डीपफेक थोतांड नाहीये पण. २०२४ मध्ये उघड झालेलं हाँगकाँगचं प्रकरण बघा, अरुप या मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर साहेब लोकांना बघितलं, ऐकलं, आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवरची बाकी सगळी माणसं खोटी होती. तुमच्याकडे हेच एका साध्या ईमेलने होऊ शकतं, "आमचा बँक अकाउंट बदललाय, या महिन्यापासून इथे पाठवा", पत्ता सप्लायरचाच वाटतो, फक्त एमच्या जागी आर आणि एन चिकटून बसलेले. यावर औषध एकच, अकाउंट बदलला म्हटलं की आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन, त्या मेलमधल्या नंबरवर नाही, आणि मालकाचा स्वतःचा आवाज आला तरी हा नियम मोडायचा नाही, हे मालकानेच स्टाफला बजावून सांगायचं.

पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवायची शक्यता जास्त. हल्ला कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची नोंद घेणारी केंद्र सरकारची संस्था) कळवायचं हा नियम २०२२ पासून आहे, छोट्या उद्योगांना मिळालेली मुदत त्याच वर्षी सप्टेंबरात संपली.

बाकी वाद नंतर घालू. तुमच्याकडे राउटर ज्याने बसवला त्याला आजच फोन करा आणि बाहेरून आत यायला काय काय उघडं ठेवलंय ते विचारा, तो काय म्हणतो ते इथेच लिहा, अडलं तर मी रबाळ्याला येऊन बघतो, पैसे नकोत.