ग्रिफीचं 'असतं तर'

बेसबॉलवेड्यांच्या गप्पांत केन ग्रिफी ज्युनियरचं नाव निघालं की पाचव्या मिनिटाला कोणीतरी उसासा टाकतंच. "दुखापती नसत्या तर हँक ॲरनचा 755 होम रनांचा विक्रम यानेच मोडला असता!" आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे मलाही कळतं. पण या उसाशात दुखापती अशा येतात, जणू आभाळातून वीज पडली आणि तिने नेमका ग्रिफीच निवडला. माझं म्हणणं आहे की त्यातला निम्मा भाग तरी माणसांनी ओढवून घेतलेला होता.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडी ओळख. सचिन कराचीत उतरला त्याच 1989 साली, काही महिने आधी, एकोणीस वर्षांचा ग्रिफी सिएटल मरिनर्सकडून खेळायला आला. घरच्या मैदानावर पहिल्यांदा बॅटिंगला आला आणि पहिल्याच पिचवर, म्हणजे पहिल्याच चेंडूवर, होम रन (आपल्या षटकाराचा बेसबॉलमधला भाऊ). पुढच्या वर्षी वडील, केन ग्रिफी सीनियर, त्याच संघात दाखल झाले आणि सप्टेंबर 1990 मध्ये एका मॅचमध्ये बापलेकांनी लागोपाठ होम रन मारले. असं मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, दुसऱ्या कोणाच्या घरात घडलेलं नाही. तो डावखुरा स्विंग ज्याने पाहिला नाही त्याला आकडे सांगून काय कळणार? बॅट फिरायची ती सैल, आळसावल्यासारखी, आणि चेंडू मात्र वरच्या मजल्यावर. नव्वदच्या दशकात सिएटल परिसरात नोकरीला आलेली आमची मराठी मंडळी बेसबॉलकडे वळली ती याच्यामुळे. त्याच्यासारखी टोपी उलटी घालणारी पोरं तर गल्लोगल्ली दिसायची.

आता जर-तर. पहिलं 1994 चं. ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला तेव्हा ग्रिफीचे 111 मॅचमध्ये 40 होम रन झाले होते. 162 मॅचचा हंगाम पुरा झाला असता तर याच वेगाने 58 च्या आसपास. रॉजर मॅरिसच्या, एका हंगामातल्या 61 होम रनच्या विक्रमाला हात लावायला फार काही लागलं नसतं. यात कुठली आली दुखापत? मालक आणि खेळाडूंची संघटना पैशांवरून भांडत बसले, त्या वर्षी हंगामाची अंतिम मालिका, वर्ल्ड सिरीजसुद्धा झाली नाही.

दुसरं 1995 चं. मे महिन्यात एक उंच चेंडू पकडताना तो सेंटर फील्डच्या भिंतीवर आदळला. झेल पकडला, डावं मनगट मोडलं, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. जवळजवळ अर्धा हंगाम गेला. ऑगस्टमध्ये परतला आणि हंगामानंतरच्या बाद फेरीत यँकीजविरुद्धच्या पाच मॅचच्या मालिकेत पाच होम रन ठोकले. शेवटच्या मॅचच्या अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर पहिल्या बेसवरून सुसाट निघून घसरत होम प्लेट गाठली, ती धाव इथल्या जुन्या लोकांना अजून तोंडपाठ आहे. एक विसरू नका, यातलं बरंचसं मरिनर्सच्या किंगडोम स्टेडियममध्ये चाललं होतं. काँक्रीटवर अंथरलेली कृत्रिम हिरवळ, गालिच्यासारखी कडक. त्यावर दहा वर्षं तो झेपा टाकत होता. पायांनी त्याची वसुली कधीतरी करायचीच होती.

1999 संपला तेव्हा त्याच्या खात्यात 398 होम रन होते आणि तिशी नुकतीच गाठली होती. मग तो सिनसिनाटीला गेला. वडिलांचा जुना संघ, स्वतःचं गाव, बाजारभावापेक्षा कमी पैसे. (इकडे मरिनर्सनी 2001 मध्ये त्याच्याशिवाय 116 मॅच जिंकल्या. माझ्यासारख्यांना धड आनंदही करता येईना. आणि वर्ल्ड सिरीज? ती त्याच्या नशिबी आली नाही, मरिनर्सच्या तर अजूनही नाही.)

1996 ते 2000 या पाच हंगामांत 249 होम रन. 2001 ते 2004 या चार हंगामांत 63, आणि 648 पैकी 317 मॅच. हेच ते गेलेले दिवस. सगळ्याच दुखापती फील्डिंगमुळे झाल्या असं नाही. 2002 मध्ये गुडघा आणि 2003 मध्ये घोटा बेसवर धावताना गेला. पण 2003 च्या सुरुवातीला खांदा निखळला तो चेंडूवर झेप टाकताना. पस्तिशीकडे झुकलेल्या, पायांनी दगा दिलेल्या माणसाला सेंटर फील्डमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त पळावं लागतं त्या जागी, उभं का ठेवलं? उत्तम फील्डिंगसाठीचे दहा गोल्ड ग्लव्ह मिळवलेल्या माणसाला "बाजूला हो" म्हणायची कोणाची छाती झाली नाही, आणि त्यालाही ते रुचलं नसतं. मॅनेजरचा पगार मात्र असल्या अप्रिय गोष्टी सांगण्यासाठीच असतो.

याच काळात पलीकडे काय चाललं होतं? सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅरी बॉण्ड्सने 2001 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, 73 होम रन मारले. चाळिशीकडे जाताना फुगत जाणारे दंड आपण सगळ्यांनी पाहिले. ताकद वाढवणाऱ्या बंदी असलेल्या औषधांवरच्या 2007 च्या मिचेल अहवालात कितीतरी मोठी नावं आली, ग्रिफीचं नाही. त्याचं शरीर इतरांसारखंच थकलं, आणि त्यासाठी आपण त्याची कीव करतो. मला तर हा प्रकार उलटाच वाटतो.

शेवटी 2007 मध्ये त्याला राइट फील्डला, म्हणजे कमी पळावं लागतं त्या जागी, हलवलं. 144 मॅच खेळला, 30 होम रन मारले, तेही सदतिसाव्या वर्षी. हा बदल पाच वर्षं आधी झाला असता तर 630 वर थांबलेला आकडा 700 च्या पुढे गेला असता, यावर मी पैज लावायला तयार आहे. 755 वर नाही लावणार.