डिचोलीकर, जाहिरातीचं कात्रण ठेवलंय ना?

डिचोलीकर, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी रागच आला. तुम्ही म्हणता की मागच्या लेखात मी सरकारची वकिली केली, सरकारी भरतीत तुमच्या मुलीला लेखीत सगळ्यात जास्त मार्क असून तोंडीत पाडलं आणि वर मी सांगतो कोर्ट मार्कांना हात लावत नाही, मग गोव्यात पर्वरीला एवढं मोठं हायकोर्ट बांधलं कशाला, अख्खी लिस्ट रद्द करून लायक माणसाला ऑर्डर द्यायला काय जातं? सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा वाटलं, अर्धं तुमचं बरोबर आहे.

चूक माझी. 'हात लावत नाही' हे मी सरसकट लिहून टाकलं. तोंडीत 12 द्यायचे की 22, अमकी हुशार की तमका, यात कोर्ट पडत नाही, सुप्रीम कोर्टाने 1990 मध्ये सोळुंके केसमध्येच सांगितलंय की निवड समितीवर आम्ही अपिलात बसलेलो नाही. पण समिती नियमाप्रमाणे नेमली होती का, आत बसलेला कोणी उमेदवाराचा काका-मामा होता का, जाहिरातीत एक आणि झालं दुसरंच का, हे घटनेच्या कलम 14 आणि 16 (समानता आणि सरकारी नोकरीत समान संधी) खाली तपासतात. मुद्दाम पाडलं म्हणायचं असेल तर मोघम बोलून भागत नाही, कोणी पाडलं त्याचं नाव घालून त्याला पार्टी म्हणजे प्रतिवादी करावं लागतं, तिथेच बऱ्याच लोकांचं अवसान गळतं.

यातलं सगळ्यात भारी उदाहरण खुद्द एका हायकोर्टाचं आहे. राजस्थान हायकोर्टाने 2009 मध्ये ट्रान्सलेटरच्या 13 जागा काढल्या, लेखी झाली, तोंडी झाली, 21 जण बसलेले, आणि मग ठरलं की 75 टक्के असतील तरच पास. पास झाले तीन! ही अट आधी कुठे छापलेलीच नव्हती. पोरं भांडत सुप्रीम कोर्टात गेली, 2013 ला विषय मोठ्या बेंचकडे पाठवला आणि पाच जजांचं उत्तर आलं 7 नोव्हेंबर 2024 ला, की भरती सुरू झाल्यावर मधेच नियम बदलायचे नाहीत, नियमात किंवा जाहिरातीत तशी मुभा आधीच असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही मनमानी नको. पंधरा वर्षं गेली यात. तेवढ्यात आपल्याकडे एलडीसी म्हणजे कनिष्ठ कारकून लागलेला यूडीसी म्हणजे वरिष्ठ कारकून होऊन वैतागलेला असतो. आणि त्याच निकालात हेही आहे की लिस्टमध्ये नाव आलं म्हणून नोकरीचा हक्क लागत नाही.

आता 'अख्खी लिस्ट रद्द करा'. पश्चिम बंगालात तेच झालं, 3 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने शाळांमधल्या 25,753 नेमणुका रद्द ठरवल्या, कारण घोळ इतका की चांगले-वाईट वेगळे काढणंच शक्य राहिलं नाही. त्यात सरळमार्गी पास झालेलेही गेले. निवडून वेगळे काढता आले तर काढा असं कोर्ट स्वतःच म्हणतं, म्हणून रद्द हा शेवटचा उपाय. आणि 2024 च्या शेवटी आपल्याकडे नोकरीसाठी पैसे घेतल्याची जी प्रकरणं बाहेर आली ती पोलिसांची केस झाली, त्यावरून एखादी ठराविक लिस्ट बिघडली होती हे मात्र कागदावर दाखवावं लागतं.

कागद म्हटल्यावर माझ्या भाच्याचं सांगतो. खातं कुठलं ते विचारू नका. बोर्डावर एक ए-फोर कागद लागला, तीन नावं, मार्क नाहीत, बस. आम्ही वकिलाकडे गेलो तर त्याने पहिलंच विचारलं, जाहिरात कुठाय? ती निघाली बहिणीच्या स्वयंपाकघरात, तेलाच्या डब्याखाली घातलेली, आणि डाग पडलेला नेमका निवडीच्या पद्धतीच्या ओळींवर. खात्याच्या साइटवरनं लिंक गायब. मग आरटीआय केला, तीस दिवस गेले, अपील केलं, आणखी गेले. शेवटी वकील म्हणाला, निवडलेल्या तिघांना पार्टी करावं लागेल, त्यांचं ऐकल्याशिवाय कोर्ट काही करणार नाही. भाचा गप्प बसला. तिघांतला एक त्याच्याच क्लासमधला, दोघं एका बाइकवरनं साखळीला जायचे. केस झालीच नाही.

तुमच्या मुलीचं वेगळं असू शकतं. आपल्याकडे महाराष्ट्रासारखं मॅट, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण, नाही, राज्य सरकारच्या भरतीची केस सरळ घटनेच्या कलम 226 (हायकोर्टात रिट) खाली पर्वरीलाच जाते, पण उशीर केलात तर पहिला प्रश्न उशिराचाच येणार, आणि तोंडीला निमूट बसून नापास झाल्यावर पद्धतच चुकीची होती म्हटलं तर दुसरा प्रश्न तो (पद्धत थेट कायद्याविरुद्ध असेल तर सूट मिळते, पण ती गृहीत धरू नका).

तर मला एवढंच कळवा: लिस्ट कुठल्या तारखेला लागली, तोंडीला किती मार्क ठेवलेले ते जाहिरातीत छापलं होतं का, आणि ती जाहिरात आत्ता घरात आहे का. नावं लिहू नका.