‘फुकटचं व्हीपीएन टाका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या शनिवारी वहिनींचा फोन आला. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत त्या क्लार्क आहेत. "भाऊ, शालार्थवर पगारबिल करायला बसले की मधीच जाहिराती उघडतात." शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराचं सरकारी पोर्टल. सकाळची शाळा, म्हणून अमळनेरहून लगेच गाडीला किक मारली. क्रोम उघडलं तर वरच्या कोपऱ्यात हिरवी ढाल. फुकटचं व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरमधून फिरवणारं साधन.

"हे कोणी टाकलं?"

"मीच. ग्रुपवर मेसेज उना व्हता ना, भाऊ."

तो मेसेज मलाही चार जणांनी पाठवून झाला आहे. मजकूर असा: शाळा-ऑफिसच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की साहेब तुमचा प्रत्येक मेसेज वाचतात, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये इंटरनेट मूलभूत हक्क ठरवलाय, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप ब्लॉक करणं बेकायदेशीर, तरी ब्लॉक असेल तर इन्कॉग्निटो (ब्राउझरची खासगी खिडकी) वापरा, आणि १०० टक्के सुरक्षित राहायचं तर खालच्या लिंकवरून फुकटचं व्हीपीएन टाका. खाली अर्थातच ‘११ जणांना पाठवा’.

मी शाळांचे राउटर आणि लॅब सांभाळतो. ब्लॉक लावणारा तो बदनाम माणूस मीच, तेव्हा उत्तरही मीच देतो.

साहेब मेसेज वाचतात म्हणे. राउटरवर मला दिसतं ते एवढंच: कोणता फोन, किती वाजता, व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरला लागला आणि किती एमबी गेले. २०१६ पासून मेसेज तुमच्याच फोनात कुलूपबंद होऊन निघतो आणि समोरच्याच्या फोनात उघडतो. मधल्या वायरीला त्यातलं अक्षर कळत नाही. आणि साहेबांचं म्हणाल, तर आमच्या एका मुख्याध्यापकांनी राउटरचा पासवर्ड राउटरवरच चिकटवून ठेवला आहे. ते काय हेरगिरी करणार!

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलंत तर तिथे मेसेज कुलपाबाहेर आलेला असतो. मशीन ऑफिसचं, त्यात स्क्रीन बघणारं सॉफ्टवेअर असेल तर सगळं दिसतं. तसं नसलं तरी लॉगिन ठेवून चहाला गेलात की शेजारचाही वाचतो. केंद्राच्या आयटी मंत्रालयाच्या सायबर जागृती उपक्रमाने ऑगस्ट २०२५ मध्ये हाच इशारा दिला होता. म्हणजे मेसेजवाला अर्धा बरोबर निघाला, पण चुकून.

कोर्टाचं थोडक्यात. जानेवारी २०२० चा अनुराधा भसीन निकाल काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवर होता. इंटरनेटवरून बोलण्याला आणि व्यवसाय करण्याला कोर्टाने संरक्षण दिलं. इंटरनेट मिळणं हा मूलभूत हक्क आहे की नाही, यावर मत देत नाही असं त्याच निकालात लिहिलंय. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो हक्क मानला, पण तिथे वाद हॉस्टेलमधल्या मुलीच्या स्वतःच्या मोबाइलचा होता. शाळेने आपल्या कॉम्प्युटरवर चॅटिंग चालू ठेवलंच पाहिजे, असं दोन्हीकडे नाही.

इन्कॉग्निटोने फक्त तुमच्या ब्राउझरची हिस्ट्री राहत नाही. राउटरला जे दिसायचं ते दिसतंच.

आता ती हिरवी ढाल. माझं डोकं फिरलं ते इथे. वहिनींना मी त्या एक्स्टेंशनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) परवानगी उघडून दाखवली: ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’. हे टाकताना त्यांनी होय म्हटलं होतं, सगळेच म्हणतात. त्या कॉम्प्युटरवर शालार्थ उघडतं, म्हणजे सगळ्या शिक्षकांची बँक खाती. यूडायस प्लस हे शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल उघडतं, म्हणजे पोरांचे आधार नंबर, जन्मतारखा. वेबसाइटचं कुलूप वाटेत उपयोगी. ही ढाल बसलीय ब्राउझरच्या आत, कुलूप उघडल्यानंतरच्या पानावर. पासवर्ड टाइप करताना तिला तो वाचता येतो आणि पानात जाहिरात घुसवता येते. ती तर घुसवतच होती. मेसेज वाचतील अशी भीती ज्या साहेबांची, त्यांच्यापासून लपायला कुठल्या देशातल्या कोणाला तिजोरी दाखवून ठेवली, त्याचं नावही मेसेजवाल्याला ठाऊक नाही.

मी उगाच घाबरवतोय असं वाटत असेल तर ओनावोचं बघा. लोक सुरक्षित म्हणून टाकत ते फुकटचं व्हीपीएन फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलं. त्यातून लोक कोणतं अ‍ॅप किती वापरतात हे फेसबुकला दिसायचं, आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप किती जोरात आहे हेही दिसलं. २०१४ मध्ये १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सअ‍ॅप घेतलं. ब्रिटिश संसदेच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये फेसबुकची आतली कागदपत्रं उघड केली, त्यात ओनावोचे तक्ते आहेत. एवढ्या मोठ्या, नावगाव असलेल्या कंपनीचं व्हीपीएन हे करत होतं. तुमच्या हिरव्या ढालीला तर पत्ताही नाही.

आता बंदीबद्दल. लॅबमध्ये एका लाइनवर वीस मशीन असतात, पोरं चॅटवर बसली की बाकीच्यांचं पान उघडत नाही. तिथला ब्लॉक मी काढणार नाही. पण गटशिक्षण कार्यालयाची पत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, ‘दुपारी २ पर्यंत माहिती भरा’ हेही तिथेच, आणि क्लार्कच्या मशीनवर ते बंद! वहिनी प्रत्येक पीडीएफ फोनवरून स्वतःलाच मेल करायच्या. मग माणूस ढाल टाकणार नाही तर काय करेल? ब्लॉक मीच सरसकट लावला होता, चूक माझी. आता ऑफिसच्या एका मशीनवर शाळेच्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप चालू ठेवलंय, घरचं नाही.

ढाल काढली, शालार्थ, यूडायस आणि मेल असे तिन्ही पासवर्ड बदलले. जाहिराती थांबल्या. ग्रुपवर तो मेसेज टाकणारे सर पलीकडच्याच टेबलावर होते. त्यांच्या क्रोममध्येही हिरवी ढाल आहे. तोवर शाळा सुटायची घंटा झाली, त्यांचं मशीन सोमवारी.